जिन्याच्या वळणावर राजकुमार

माणूस जिना कसा चढतो, हा प्रश्न बजाजनगरच्या सहजीवन सोसायटीत आजवर कुणाला पडला नव्हता. जिना असतो, घर वर असतं, म्हणून माणूस चढतो. निम्म्यात दम लागला की थांबतो आणि लिफ्ट न बसवणाऱ्यांच्या नावानं दोन शब्द बोलतो. लिफ्ट नको, असं सगळ्यांनी मिळूनच ठरवलेलं असल्यामुळे ते दोन शब्द फार मोठ्यानं बोलता येत नाहीत, एवढंच.

या प्रश्नावर पीएच.डी. करता येते आणि ती करणारी मुलगी आपल्याच जिन्याच्या प्रेमात पडू शकते, हे प्रेरणा साळवेच्या कधी मनातही आलं नव्हतं. प्रेरणा शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल होती. तिथं रोज येणारी सायली नावाची संशोधक मुलगी एके दिवशी काउंटरवर डोकं टेकवून म्हणाली, "मॅडम, कॉलेजचा जिना फार शहाणा आहे हो."

"म्हणजे?"

"सगळ्या पायऱ्या सारख्या. आमचा रोबोट तो सहज चढतो. पण खऱ्या घरांतले जिने असे नसतात. मला एखादा बिघडलेला जिना हवाय. आणि तो रोज चढणारी माणसं. माणूस वाकड्या पायरीवर पाय नेमका कसा टाकतो, ते मोजायचंय. म्हातारी माणसं असतील तर फारच छान."

प्रेरणाच्या हातातला शिक्का तसाच हवेत राहिला. बिघडलेला जिना तिच्याकडे होता. सहजीवनचं बांधकाम अर्ध्यावर आलेलं असताना ठेकेदार पळून गेला होता आणि दुसऱ्यानं वरचा भाग स्वतःच्या मापानं बांधला होता. दोन ठेकेदारांची जिथं गाठ पडली, ती दुसऱ्या मजल्यावरची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होती. तिथं पाहुणे हमखास ठेचकाळत. राहणाऱ्यांचा पाय आपोआप वर उचलला जाई. नवी सून त्या पायरीवर ठेचकाळायची थांबली की ती घरात रुळली, असं समजत.

म्हातारं माणूसही तिच्याकडे होतं. तिची आई, केसरबाई. आणि प्रेरणाला त्या माणसाला काही करून जिना उतरायला लावायचं होतं.

हिवाळ्यात प्रेरणाचे वडील कडुबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम इमारतीसमोर मांडव घालून झाला. तो उरकून केसरबाई तिसऱ्या मजल्यावर गेली, ती पुन्हा खाली आलीच नाही. आधी म्हणाली, गुडघे दुखतात. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचं कौतुक केलं, तेव्हा तिनं डॉक्टर बदलायला सांगितलं. मग ऊन लागतं म्हणाली. मग गल्लीतली कुत्री. विहारातल्या बाया पौर्णिमेला बोलवायला येत, चहा पिऊन, तिला दोन समजुतीच्या गोष्टी सांगून परत जात. भाजी प्रेरणा आणी. आई ती न बघता आत ठेवी. जी बाई भेंडीचं शेपूट मोडल्याशिवाय विकत घेत नसे, तिनं भाजी न बघता घ्यावी, याची प्रेरणाला गुडघ्यांपेक्षा जास्त काळजी वाटत होती.

पण केसरबाईची एक दुखरी जागा होती. स्वतःची शाळा चौथीत सुटल्यामुळे 'शिक्षणासाठी' असं कुणी म्हटलं की तिला नाही म्हणता येत नसे. 'शिक्षणासाठी' म्हणून सांगून गल्लीतल्या पोरांनी तिच्याकडून आजवर काय काय नेलं होतं, त्याचा हिशेब नको. त्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं प्रेरणानं ठरवलं.

"आई, एका मुलीच्या पीएच.डी.साठी तू नुसतं जिन्यानं खालीवर करायचंय."

केसरबाई कांदा चिरत होती. "पोरीच्या शिक्षणाला चहा देते. पोहे देते. अभ्यासाला खोली देते." तिनं कांद्याचा शेंडा उडवला. "गुडघे नाय देणार. मी काय सर्कशीत हाय का?"

एवढ्यावर हा प्रकल्प संपायला हवा होता. पण तोवर सायली येऊन जिना बघून गेली होती, उंच पायरीवर सपशेल आपटली होती आणि आनंदानं ओरडली होती, "मॅडम, हाच!"

परवानगीसाठी पार्किंगमध्ये बैठक बसली. चेअरमन पुंजाराम वाघ हे कडुबांच्याच कंपनीतून निवृत्त झालेले आणि साळव्यांच्या समोरच्याच दारात राहणारे. कंपनीत त्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून सोसायटीत ते सगळ्यांना सगळं विचारत.

"जयभीम, साळवे मॅडम. बसा. आता हे जे मशीन येणार, ते पाहुणं म्हणून येणार का भाडेकरू?"

"काका, ते यंत्र आहे."

"मान्य. पण मुक्काम करणार ना? भाडेकरू असंल तर पोलिसात माहिती द्यावी लागती. त्याचं आधार कार्ड?"

"त्याला आधार कसं असेल?"

"मग पाहुणं धरू. पाय किती?"

"चार," सायली उत्साहानं म्हणाली, आणि तिथं घोटाळा झाला. सोसायटीनं मागेच कुत्री न पाळण्याचा ठराव केला होता. ठरावात 'चतुष्पाद' असा भारी शब्द होता. तो पुंजारामकाकांनी स्वतः शोधून घातलेला असल्यामुळे त्यांना तो मोडवत नव्हता. बरीच चर्चा झाली. विश्वजीत, तिसऱ्या मजल्यावरचा, वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट करणारा आणि उरलेल्या वेळात दंड फुगवणारा तरुण, म्हणाला, "काका, भुंकत नाय, चावत नाय. टेन्शन कशाला?" शेवटी ठरलं की सदर यंत्र चतुष्पाद असले तरी भुंकत नाही, सबब ते सायकल समजण्यात यावे. सायकलला पार्किंगचा स्टिकर लागतो. तो रोबोटच्या पाठीवर चिकटवण्यात आला.

दुसरी अट सायलीची होती: जिना मोकळा हवा. सहजीवनचा जिना म्हणजे निम्मं घरसामान. चपलांचे रॅक, रिकामे सिलिंडर, कुंड्या, आणि जुना कूलर, जो पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्त व्हायचा होता आणि गेल्या कित्येक उन्हाळ्यांत झाला नव्हता. भांडत, पुटपुटत सगळ्यांनी आपापलं उचललं. उरली एक खुर्ची.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावरची ती निळी प्लास्टिकची खुर्ची कडुबांची. निवृत्तीनंतर त्यांचा डावा गुडघा कुरकुरू लागला. वर येताना ते त्या वळणावर दम खायला उभे राहत. मग उभं राहणं जमेना, म्हणून घरातून खुर्ची आणली. मग दम खायला बसलेला माणूस दिवसभर बसू लागला, कारण बाल्कनीत बसून जी करमणूक होत नाही ती तिथं होत होती. गच्चीवर टाकी, कपड्यांच्या दोऱ्या आणि मोबाइलची रेंज. सगळी इमारत रोज एकदा तरी त्यांच्यासमोरून जायची, आणि पिशवी दाखवल्याशिवाय कडुबा कुणाला पुढं जाऊ देत नसत.

"काय आणलंस? दोडका? अरे, माणसानं पैसे देऊन दोडका आणायचा?"

दोडक्याशी त्यांचं कसलं वैर होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. केसरबाई मात्र दर आठवड्याला दोडका करायची. आणि संध्याकाळी वरून तिची हाक ठरलेली: "अहो, चहा गार व्हायलाय, या वर!" त्यावर ते न उठता "आलो, आलो" म्हणत.

त्या खुर्चीला हात लावायला कुणी पुढं आलं नाही. पुंजारामकाका दुसरीकडं बघत भिंतीचा रंग तपासू लागले. शेवटी प्रेरणानंच ती उचलली आणि घरात नेऊन मागच्या गॅलरीत ठेवली. आईनं बघितलं. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

रोबोट आला तो टेम्पोतून, गादीवर झोपून. कुत्र्याएवढा, डोकं नसलेला, गुडघे उलटे. गल्लीतली कुत्री जमली, दुरूनच भुंकली आणि त्याच्याकडून काहीच उत्तर येईना तेव्हा अपमान वाटून निघून गेली. पहिल्या मजल्यावरच्या लक्ष्मीबाईंनी त्याला नीट न्याहाळलं.

"सिलिंडर उचलतं का?"

"नाही काकू."

"दळण आणतं?"

"नाही."

"म्हणजे यानं नुसतं फिरायचं आन् आपण बघत बसायचं. राजकुमारच की मग!"

नाव पडलं. सायलीनं आपल्या अहवालांत काय लिहिलं असेल ते असो, बजाजनगरात तो राजकुमार म्हणूनच ओळखला गेला.

पहिली चाचणी सकाळी ठेवली, म्हणजे वर्दळ नको. ही सायलीची चूक, पण तिचं घर लिफ्टवाल्या इमारतीतलं आणि कुरडया बाजारातल्या. एप्रिल महिन्यात सकाळी जिन्यात वर्दळ नसते, असं तिला वाटलं. त्याच सकाळी लक्ष्मीबाई गव्हाच्या गरम चिकाचं पातेलं गच्चीवर घेऊन निघाल्या होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वर दोन पायऱ्यांवर पातेलं टेकवून त्यांनी दम घेतला. राजकुमार खालून डौलात आला, उंच पायरीवर त्याचा अंदाज चुकला, तो पुढं झेपावला आणि त्याचे पुढचे दोन्ही पाय पातेल्यात गेले.

चीक ही साधी गोष्ट नाही. गरम असतो तोवर तो पदार्थ असतो, गार झाला की बांधकाम. राजकुमार पाय सोडवायला आपटू लागला आणि प्रत्येक आपटण्यासरशी पायरीवर एकेक कुरडई पडू लागली. सायली "बंद करा, बंद करा" ओरडत होती, पण बंद करायचं बटण तिच्याच हातात होतं. लक्ष्मीबाईंनी कपाळावर हात मारला. "गहू भिजवून, वाटून, गाळून जीव गेला माझा! आता यालाच वाळत घालते आन् तळते मेल्याला!"

तिसऱ्या मजल्यावरचं लोखंडी जाळीचं दार किलकिलं झालं. केसरबाईनं वरूनच विचारलं, "पडलं का?"

"पडला," प्रेरणा म्हणाली.

"त्या पायरीवर?"

"त्याच."

"नवं हाय अजून," एवढं बोलून दार बंद झालं. पण पूर्ण नाही.

राजकुमारचे सांधे कोमट पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशांनी धुण्यात सगळी दुपार गेली. विश्वजीतनं रात्रपाळीची झोप मोडून एकेक पाय घासला. सायली रडवेली होऊन म्हणाली, "माझं गणित बरोबर होतं. पायरीच चूक आहे." पुंजारामकाकांना राग आला. इतकी वर्षं त्या पायरीला नावं ठेवण्याचा हक्क फक्त सभासदांचा होता. "आमच्यापैकी कोण पडतं का तिथं? आमच्याकडून शिकव की त्याला!"

सायलीच्या संशोधनाचा गाभाच तो होता, त्यामुळे ती लगेच सावरली. तिच्याकडे गुडघ्याला आणि घोट्याला बांधायचे पट्टे होते. माणसाचा पाय कुठं उचलला, कुठं टेकला, कुठं रेंगाळला, ते सगळं त्यात उतरायचं आणि त्यावरून यंत्र शिकायचं. दुसऱ्या दिवशी अख्खी सोसायटी पट्टे बांधून तयार. लक्ष्मीबाई पैठणी नेसून आल्या आणि लग्नमंडपात जाव्यात तशा चढल्या. पुंजारामकाका छाती काढून, पाय आपटत, झेंडावंदनाला निघाल्यासारखे. विश्वजीतनं दोन दोन पायऱ्या घेतल्या आणि उंच पायरीवर, जन्मात पहिल्यांदा, ठेचकाळला.

"काका, काकू, नेहमीसारखं चढा हो!"

"नेहमीसारखंच चढते बाई. साडी तेवढी चांगलीय."

शेवटी सायलीनं शक्कल काढली. पट्टे आठवडाभर बांधूनच ठेवायचे, कपड्यांच्या आत. दोन दिवसांत लोक पट्टे विसरले आणि माणसांसारखे चढू लागले. बाजार घेऊन, कपडे घेऊन, फोनवर भांडत, भाजीचे देठ मोडत. आणि राजकुमार शिकला. उंच पायरीपाशी आला की त्याचाही पाय आपोआप थोडा वर जाऊ लागला. लक्ष्मीबाईंनी त्याला माफ केलं. "रुळलं गं लेकरू," त्या म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावरचं दार आता चाचणीच्या वेळी उघडंच असे. पण केसरबाई उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

मग सायलीचे गाइड सर प्रात्यक्षिक बघायला आले. सर दाराशी नारळपाणी पिऊन जिन्यात उभे राहिले. ही चाचणी फसली तर दुसरा जिना शोधायचा, म्हणजे इथलं काम बंद, हे सायलीनं प्रेरणाला आधीच सांगितलं होतं. प्रेरणाला वाटलं, मग ते दारही पुन्हा बंद.

राजकुमार निघाला. पहिला मजला, दुसरा मजला. उंच पायरी त्यानं अशी पार केली की टाळ्या पडल्या. मग वळण आलं, आणि तो थांबला. अंग किंचित कोपऱ्याकडं वळवलं आणि नुसता उभा राहिला.

"बंद पडला?" सरांनी विचारलं.

"नाही सर. चालू आहे."

थोड्या वेळानं राजकुमार आपणहून वळला आणि तिसऱ्या मजल्यावर गेला. विश्वजीतनं त्याला खांद्यावर टाकून खाली आणलं, कारण उतरायला तो अजून शिकला नव्हता. पुन्हा सोडला. पुन्हा वळण, पुन्हा कोपरा, पुन्हा तसाच उभा.

सरांच्या कपाळावर आठी पडली. "हा काय प्रकार आहे?"

"सर, तो लोकांचं बघून शिकलाय," सायली चाचरत म्हणाली. "लोक इथं थांबत असणार."

हे ऐकून पुंजारामकाकांचा स्वाभिमान दुखावला. "आम्ही? आम्ही कशाला थांबू? म्हातारे झालो का?"

"मी तर एका दमात जाते," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "थांबा, दाखवतेच." कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी घेऊन त्या तरातरा निघाल्या. दुसरा मजला. उंच पायरी. वळण. आणि वळणावर त्या थांबल्या. कोपऱ्याकडं वळल्या. पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून त्यांनी ती जराशी पुढं धरली.

मग त्यांना कळलं. पिशवी तशीच धरून त्या कोपऱ्याकडं बघत राहिल्या. कोपऱ्यात काहीच नव्हतं.

खाली पुंजारामकाकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "कडुबा बसायचा तिथं," ते सरांना म्हणाले. "पिशवी दाखवल्याबिगर सोडत नव्हता. लई वाईट सवय."

सर बिचारे सज्जन. घसा खाकरून ते सायलीला हळूच म्हणाले, "ठीक आहे. तेवढा थांबण्याचा भाग काढून टाकता येईल."

"कुणी काय काढायचं नाय."

आवाज वरून आला होता. विश्वजीतनं राजकुमारला तेवढ्यात पुन्हा सोडलं होतं आणि तो ठरल्याप्रमाणे वळणावर येऊन उभा होता. केसरबाई उंबरा ओलांडून, घरातल्या चपला घालून, कठड्याला धरून अर्धा जिना उतरून आली. राजकुमारसमोर उभी राहिली. त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बसलं का इथं?" ती म्हणाली. "चहा गार व्हायलाय. चल वर."

राजकुमार हलला, वळला, आणि मुकाट्यानं वर गेला.

सरांनी सायलीच्या कानाशी विचारलं, "यात आवाज ओळखायची सोय आहे?"

"नाही सर."

लक्ष्मीबाई हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या, दोन्ही एकदम. केसरबाई प्रेरणाकडं वळली. "खुर्ची कुठं टाकलीस? आण. जागेवर ठेव. ही येणारी जाणारी माणसं बघणार कुणाकडं?"

प्रेरणानं गॅलरीतली खुर्ची आणून कोपऱ्यात ठेवली. ठेवताना ती नीट टेकली का, हे तिनं गरजेपेक्षा जास्त वेळ बघितलं.

वर विश्वजीतनं राजकुमारला पुन्हा खांद्यावर घेतलं. केसरबाई ते बघत होती. "याला उतरता येत नाय व्हय?"

"नाही आजी," सायली म्हणाली. "चढण्यापेक्षा उतरणं अवघड. चढताना पुढची पायरी डोळ्यांसमोर असते. उतरताना आपला सगळा भार खाली सोडावा लागतो. पडायची भीती असते. कुणीतरी हळू, जपून उतरणारं मिळालं ना, तर त्यावरून शिकेल तो."

प्रेरणाच्या तोंडाशी शब्द आले होते. तिनं ते गिळले. पुंजारामकाकांनीसुद्धा, ज्यांच्यासाठी ही गोष्ट सोपी नव्हती.

"पोरीचं शिक्षण अडलंय का त्याच्यावाचून?" केसरबाईनं विचारलं.

"अडलंय," सायली म्हणाली.

केसरबाईनं पाय पुढं केला. "बांध मग." सायली खाली बसली, तर पाय मागं गेला. "थांब, थांब. साडी बदलून येते."

मग ती उतरली. एक हात कठड्यावर, पाऊल आडवं टाकत, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मागं सगळी सोसायटी, इतकी हळू की पुंजारामकाकांनी दोनदा लक्ष्मीबाईंच्या चपलेवर पाय दिला. उंच पायरीवर तिचा पाय आपोआप सांभाळून पडला. खाली आल्यावर ती दारात थांबली. बाहेर ऊन होतं. तिनं डोळे बारीक केले.

"झालं आजी! फारच छान," सायली म्हणाली. "आता पट्टे सोडू."

"बसा जरा आमच्या घरी," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "एवढ्या उतरलात."

"उतरलेच हाय तर बसू कशाला?" केसरबाई म्हणाली. "ते चिमटे काढ आन् पिशवी दे. आज बाजार असंल. ही पोरगी काय वाट्टेल ते आणती, निबर भेंडी खाऊन दात गेले."

आणि पिशवी काखेला मारून ती गल्लीतून चालू लागली.

"आजी, पट्टे!" सायली धावणार होती. प्रेरणानं तिचं मनगट धरलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "नंतर वगळता येईल."

त्यामुळे सायलीच्या संशोधनात आजही जिना उतरण्याच्या नोंदीला जोडून भाजीबाजार आहे, त्यात एका हातगाडीसमोर झालेला फार मोठा मुक्काम आहे, आणि तो का झाला हे सरांना अजून समजावून सांगता आलेलं नाही.

संध्याकाळी केसरबाई परत आली. प्रेरणा तिच्या मागोमाग जिना चढत होती, पिशवी मागत होती, आणि ती मिळत नव्हती. वळणावर केसरबाई थांबली. दम घेतला. मग पिशवीचं तोंड उघडून तिनं ती निळ्या खुर्चीपुढं धरली.

"दोडका आणलाय," ती म्हणाली. "बसा बोंबलत."